मुठीचा वेढा

२३ फेब्रुवारी २०२५, रविवार. तुळजापूर

मागची नोंद सहा ऑक्टोबरची. साडेचार महिने ही वही कपाटात पडून होती. माफी मागायची तर ती माझीच मागावी लागेल, कारण ही दुसरं कुणी वाचत नाही. खरं कारण एवढंच, की सगळं नीट चाललं होतं. नीट चाललेलं असताना मला वही आठवत नाही. हा दोष जुना आहे.

त्या शेवटच्या नोंदीत मी फार आनंदात दिसतो. ‘आज कासऱ्याची युक्ती सुचली,’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. कृष्णराजनं आणि मी खडकीच्या कड्यावर पॅराग्लायडिंगचा वर्ग सुरू केला त्याचा तो पहिला आठवडा. कृष्णराज माझा कॉलेजपासूनचा मित्र. छत्र्या त्याच्या, परवाना त्याचा, पुढं यात्रेकरूंना बालाघाटावरून उडवून आणण्याची कल्पनाही त्याचीच. शिकवण्याचं काम माझं, कारण मी वीस वर्षं ज्युनियर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो आणि नऊ वर्षांपूर्वी आम्ही दोघं कामशेतला जाऊन हे शिकून आलो.

शिकायला पाच जण आले. त्यांत अणदूरचा श्रीशैल. वय एकतीस, शेती घरची, आणि शंकरपटाच्या शर्यतीत बैल हाकणारा म्हणून आसपासच्या दहा गावांत नाव. हवेचा दाब, पंखाचा कोन असं मी फळ्यावर काढलं की त्याचे डोळे जड व्हायचे. मग एक दिवस मी म्हणालो, श्रीशैल, तुझ्या दोन्ही हातांत ब्रेकच्या दोऱ्या आहेत ना, ते दोन कासरे समज. डावा ओढला की डावीकडं, उजवा ओढला की उजवीकडं, दोन्ही ओढले की दमानं. त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, “आधीच सांगायचं न्हवं सर. ह्ये तर म्या झोपंतबी करंल.” त्या दिवसापासून वर्ग पळायला लागला. मी चोवीस पानांची मराठी पुस्तिका लिहिली, झेरॉक्स काढून पाचही जणांना दिली. कासऱ्याचं पान अकरावं. ते पान मला अजूनही चांगलं वाटतं.

गेल्या रविवारी श्रीशैल पडला.

सगळं क्रमानं लिहायचं ठरवलं आहे. सकाळी दहानंतर उडायचं नाही असा नियम मीच केला होता. उन्हं तापली की काळ्या रानातून वारा उसळतो. पण त्या दिवशी कृष्णराजचे पाहुणे जागा बघायला येणार होते, ते उशिरा आले. श्रीशैल कड्यावरून सुटला तेव्हा अकरा चाळीस झाले होते. मी खाली, तूर काढलेल्या रानात, वॉकीटॉकी घेऊन. छान आला. शंभर-सव्वाशे फुटांवर असताना शेजारच्या पट्टीतून वावटळ उठली. छत्रीची उजवी बाजू मुडपली, एक तृतीयांश तरी. छत्री उजवीकडं झुकून खाली धावली. श्रीशैलनं दोन्ही हात खाली ओढले. छत्री थांबली. क्षणभर ती त्याच्या डोक्यावर शहाण्यासारखी उभी राहिली आणि मला वाटलं, सावरली. मग ती मागं कोसळली, दोरीवरून धुणं घसरावं तशी, आणि तो तिच्याबरोबर.

पोटाजवळची जादा छत्री त्यानं उघडलीच नाही. तिच्या मुठीकडं हातच गेला नाही.

मी वॉकीटॉकीवर म्हणालो, “सांभाळ.” त्याच्याआधी मी किती वेळ गप्प होतो ते मला ठरवता येत नाही.

कमरेच्या वरचा मणका. सोलापूरला शस्त्रक्रिया झाली. डाव्या पायाला जाण आहे, उजव्याला अजून नाही.

२५ फेब्रुवारी

कॉलेज सुटल्यावर छत्री हॉलमध्ये पसरली. अनिसाला मदतीला बोलावलं. माझी बायको एरवी या कापडाला हात लावत नाही, ‘तुमची सवत’ म्हणते. आज मात्र दोरीचं टोक धरून बसली. एकेक दोरी मोजली, चाळीसच्या वर. उजवीकडच्या दोन दोऱ्या दीड सेंटिमीटरनं वाढलेल्या निघाल्या. मला जवळजवळ आनंद झाला. मग डावीकडच्याही तेवढ्याच वाढलेल्या निघाल्या. म्हणजे दोष नाही, वापर.

कापडाला माती लागली होती. पुसावी की नाही ते कळेना. नाही पुसली.

१ मार्च, शनिवार

सोलापूरला जाऊन आलो. पहिल्यांदाच. कृष्णराज रोज जातो, डॉक्टरांशी तोच बोलतो, सगळी धावपळ तोच करतो. मी तेरा दिवस लावले आणि प्रत्येक दिवसासाठी एक कारण होतं. प्रात्यक्षिक परीक्षा होत्या हे त्यांतलं खरं कारण. बाकीची लिहीत नाही.

श्रीशैल उताणा पडून होता. मला बघितल्यावर उठायला गेला आणि शिवकन्येनं, त्याच्या बायकोनं, खांद्यावर बोट ठेवून त्याला थांबवलं. एक बोट पुरलं.

तो बोलत होता, मी ऐकत होतो. वावटळ त्याला दिसली होती. छत्री उधळली, एवढंच त्याला आठवतं, आणि मग रानातली ढेकळं. पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगत होता. “पर म्या सोडलं न्हाय सर. शेवटपतोर धरून व्हतो. पटात बैल उधळले तवाबी म्या कधी सोडलं न्हाय.”

मी म्हणालो, माहीत आहे.

त्यानं तळहात दाखवले. दोन्ही हातांना, अंगठ्याच्या मुळापासून मागच्या बाजूला वळून, काळीनिळी रेघ आहे. दोरी काचल्याची. पडताना दोऱ्या हातांभोवती गुंडाळल्या गेल्या असणार. नशीब, बोटं शाबूत आहेत.

शिवकन्या चहा आणायला निघाली, मग माझ्या टोपीकडं बघून थांबली आणि म्हणाली, उद्यापासून रोजे ना तुमचे, मग आज तरी घ्या. घेतला. ती माझ्याशी फार बोलली नाही. निघताना विचारलं, “तुमी समदं बघितलंय न्हवं सर, खालनं?” मी हो म्हणालो. तिनं मान हलवली आणि आत गेली. मी सगळं बघितलं होतं हे तिला नक्की करून घ्यायचं होतं. कशासाठी ते कळलं नाही.

४ मार्च

तहसीलनं लेखी खुलासा मागितला आहे. तो येईपर्यंत वर्ग बंद. कृष्णराज मसुदा घेऊन घरी आला. मी रोजा सोडेपर्यंत ओट्यावर बसला, नेहमीप्रमाणं माझ्या ताटातले खजूर उचलून खाल्ले, अनिसाला म्हणाला, वहिनी, नवरा उपाशी ठेवला की बरा दिसतो. ती हसली. मीही हसलो. अपघातानंतर आम्ही तिघं पहिल्यांदाच हसलो.

मग त्यानं कागद काढला. वारा, वेळ, उंची, सगळं बरोबर. पाहुण्यांमुळं उशीर झाला हेही त्यानं स्वतः लिहिलं आहे, लपवलं नाही. शेवटी वाक्य: ‘छत्री मुडपल्यावर विद्यार्थ्याने घाबरून दोन्ही ब्रेक पूर्ण ओढले, त्यामुळे छत्रीचे उड्डाण थांबले.’ खाली प्रशिक्षक म्हणून माझ्या सहीची जागा.

‘घाबरून’ या शब्दावर मी अडलो. श्रीशैल घाबरला हे आपण कसं सांगणार? आपण त्याच्या छातीत होतो का? कृष्णराज म्हणाला, मग काय लिहू, हौसेनं? अर्धा तास वाद झाला. शेवटी ‘गोंधळून’ यावर आम्ही आलो. ते मला प्रामाणिक वाटलं. सही केली.

शब्द बदलून घेतला याचं समाधान आहे. हट्ट धरला नसता तर ‘घाबरून’च गेलं असतं.

९ मार्च

मोबाइलवरचं स्टॉपवॉच लावून तो प्रसंग मनात पुन्हा चालवला. दहा वेळा. छत्री मुडपल्यापासून मी ‘सांभाळ’ म्हणेपर्यंत दोन सेकंद जातात. एकदा पावणेतीन गेले.

‘सांभाळ’ ही सूचनाच नव्हे. तो काय सांभाळणार? आणि दोन सेकंद मी का गप्प होतो? वाटतं, बघत होतो. वर्गात काचेच्या नळीत पारा चढताना बघतो तसा.

या दोन सेकंदांचा हिशोब मलाच द्यावा लागणार आहे, हे मला पुरतं कळलं आहे. बाकी शिकवण्यात कसूर झाली असं वाटत नाही. पुस्तिका पुन्हा चाळली. बाराव्या पानावर कलम तीन स्पष्ट आहे: छत्री मुडपली तर आधी हात वर, तिला धावू द्यावं. मग अंग उघड्या बाजूला झुकवावं. वळण थोपवायला उघड्या बाजूचा ब्रेक, बेतानं. हे मी लिहिलं होतं. त्यानं वाचलं नसेल.

१६ मार्च, रविवार

आज जे झालं ते झालं तसं लिहितो.

उडायला बंदी आहे, पण जमिनीवर उभं राहून छत्री हाताळायला नाही. करिश्माचा निरोप आला होता. ती परंड्याच्या दवाखान्यात परिचारिका आहे, दोन एसट्या बदलून वर्गाला यायची. बाकीचे तिघं श्रीशैल पडल्यावर आलेच नाहीत, ही एकटी विचारत राहिली. म्हणाली, सर, उडायचं राहू द्या, नुसती छत्री उभी करायची. हात विसरतील.

माळावर गेलो. वारा बरा होता. तिनं छत्री उचलली, डोक्यावर धरली, पावलं टाकत फिरली. छान चाललं होतं. मग एक झोत आडवा आला, छत्रीची डावी बाजू मुडपली, आणि करिश्मानं दोन्ही हात कमरेपर्यंत खाली खेचले. छत्री थांबली. क्षणभर उभी राहिली. मग मागं कोसळून तिनं करिश्माला चार पावलं फरफटत नेलं.

ती कपडे झाडत हसत उठली. मी हसलो नाही. मी विचारलं, दोन्ही का ओढलेस?

तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, “उधळल्यावर कासरा ओढायचाच की सर. सोडला तर गाडीच जायची.”

मी म्हणालो, तू कधी बैलगाडी हाकली आहेस?

“छे हो. माझ्या आजोबानंबी न्हाय हाकली. त्यांचं सायकलीचं दुकान व्हतं.”

मग मी तिच्या हातांकडं बघितलं. ब्रेकची मूठ नुसती धरलेली नव्हती. दोरीचा एक वेढा पंजाभोवती होता, अंगठ्याच्या मुळातून मागं वळवून घट्ट बसवलेला. मी विचारलं हे काय. ती म्हणाली, श्रीशैलदादानं दाखवलं होतं, मुठीला वेढा दिला की कासरा निसटत नाही, पटातले सगळे असंच धरतात. “ऑक्टोबरातच दाखवलं की सर. तुमी तिथंच व्हता. तुमीच शाबास म्हणाला की त्याला.”

मला आठवलं. मी शाबास म्हणालो होतो. पाचही जणांना म्हणालो होतो, बघा, याला म्हणतात पकड.

तिला सांगितलं वेढा सोड, छत्री गुंडाळ. का ते सांगितलं नाही. एसटीत बसवून दिलं.

१७ मार्च

पान अकरा पुढ्यात घेऊन बसलो आहे. उतरवून काढतो, म्हणजे मला पुन्हा वेगळं आठवता येणार नाही.

‘दोन्ही ब्रेक म्हणजे दोन कासरे. छत्री ही तुमची जोडी. ती नवी आहे तोवर बुजेल, उधळेल. हात खंबीर ठेवा. कासरा ज्याच्या हातात, गाडी त्याची.’

शेवटच्या वाक्यावर मी खूश होतो. वर्गात दोनदा म्हणून दाखवलं होतं.

आता जे मला पहिल्या दिवशी लिहिता यायला हवं होतं ते लिहितो. बैल ओढून थांबवला तर उभा राहतो. छत्री ओढून थांबवली तर पडते. ती धावते आहे तोवरच छत्री आहे. वारा तिच्या पोटात धावण्यानंच भरतो. ती मुडपून खाली झेपावते तेव्हा जीव म्हणेल ओढ, आणि नेमकं तेव्हाच हात वर जाऊ द्यावे लागतात. एवढीच तर या विद्येची अवघड गोष्ट आहे. बाकी सगळं सोपं आहे. आणि मी त्या अवघड गोष्टीच्या बरोबर उलट सवय, तयार, वीस वर्षं मुरलेली, त्याच्या हातात सापडली म्हणून आनंदानं तीच वापरली. ज्यांच्या हातात ती नव्हती त्यांनाही लावली. बाराव्या पानावरचं कलम तीन मी एकदा वाचून दाखवलं होतं. कासरा रोज म्हणत होतो.

वेढ्यानं दोरी आखूड झाली. म्हणून थोड्याच ओढीत छत्री थांबली. आणि हात वेढ्यात अडकले होते म्हणून जादा छत्रीकडं गेले नाहीत. तळहातांवरची रेघ पडताना उमटलेली नाही, आधीची आहे. मी ती बघितली आणि नशीब म्हणालो.

तो गोंधळला नव्हता.

कृष्णराजकडं गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, कासरा मलाही आवडला होता. मीही तिथंच होतो. मग म्हणाला, “खुलासा गेलाय, जाफर. तुझ्या एका पानानं त्याचा मणका जुळणार आहे का? ते पान काढून टाक, नवं लिही. पुढच्यांना नीट शिकव. तेवढंच आपल्या हातात आहे.”

तो वाईट माणूस नाही. रोज सोलापूरला तोच जात होता. त्याच्या म्हणण्यात मला चूक सापडली नाही, म्हणून मी उठून आलो.

२३ मार्च, रविवार

श्रीशैलला घरी आणलं. अणदूरला गेलो.

सांगायचं ठरवून गेलो होतो. महामार्गावर उतरल्यापासून वाक्यं जुळवत चाललो. खंडोबाच्या देवळापाशी आलो तेव्हा पहिली चार तयार होती.

पडवीत खाट टाकली आहे. उजवा पाय उशीवर. उजव्या अंगठ्याला कालपासून मुंग्या येतात म्हणाला, डॉक्टरांनी ते चांगलं लक्षण सांगितलं आहे. बैलांची जोडी मेव्हण्याकडं नेऊन बांधली आहे. दावणीकडं तो बघत नाही, खाटेचं तोंड मुद्दाम रस्त्याकडं केलं आहे. त्यामुळं येणारा-जाणारा थांबतो. मी असतानाच एक जण थांबला आणि दारातूनच म्हणाला, काय पैलवान, जमिनीवर बैल हाकणं निराळं आणि आभाळात जाणं निराळं, हातपाय गळाले न्हवं? श्रीशैल हसला. म्हणाला, “व्हय की मामा, गळाले.” तो माणूस गेल्यावर हसू तसंच थोडा वेळ तोंडावर राहिलं.

मग मला विचारलं. “सर, एक सांगा. माझं कुठं चुकलं? रोज हितं पडून म्या त्येच बघतो. उजवी बाजू गेली, म्या वढलं. शिकवल्यापरमानं वढलं का माझ्याकडनं कमी पडलं? अजून जोरात वढाय पायजे व्हतं का?”

त्याला वाटतं, त्यानं पुरेसं ओढलं नाही.

चारही वाक्यं तोंडात होती. मी म्हणालो, वाऱ्याचं काही सांगता येत नाही, श्रीशैल. वावटळ मोठी होती.

“मग माझा जीव भ्याला असंल,” तो म्हणाला. “ह्याच्या आधी कधी भ्यालो न्हवतो, म्हणून वळखू आलं न्हाय.”

मी घड्याळ बघितलं. इफ्तारच्या आत घरी पोचायला हवं, असं म्हणालो. दुपारचे साडेतीन वाजले होते.

शिवकन्या रस्त्यापर्यंत आली. परड्यातल्या खांबाकडं बोट करून म्हणाली, तिथं खुंटीला जुना कासरा बांधून हे रोज सांजच्याला सराव करायचे. मुठीला वेढे देऊन. पुस्तक तिच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे वाच, आणि ती वाचायची. सगळं पान तिला पाठ आहे. तिनं म्हणून दाखवलं. ‘हात खंबीर ठेवा’ म्हणताना तिचा आवाज जराही हलला नाही.

मग म्हणाली, “तुमी म्हणला तसंच केलं ह्येनी. म्या मास्तरीण न्हाय, मला चूक-बरोबर कळत न्हाय. तुमी खालनं बघत व्हता. एवढं सांगा, हे भ्याले व्हते का?”

मी म्हणालो, नाही.

“मग ते त्येस्नी सांगा. मला नगं.”

आणि ती वळून गेली. मागं जायला वीस पावलं होती. मी एसटीच्या थांब्याकडं चालू लागलो.

२४ मार्च

काल मी मागं फिरून त्याच्याकडं गेलो नाही याचं कारण शोधतो आहे. तो खचेल म्हणून, असं एक सापडलं. पण तो खचलेलाच आहे, आणि माझ्या सांगण्यानं खचायचा नाही. दुसरं कारण असं, की या दोन जिल्ह्यांत ‘सर’ म्हणताना ज्याचा आवाज बदलतो असा तो एकच विद्यार्थी मला वीस वर्षांत मिळाला.

हे दुसरंच खरं दिसतं. लिहून ठेवतो.

३१ मार्च, सोमवार. ईद

सकाळी नमाज. घरी शीरखुर्मा. कृष्णराज आला, दोन वाट्या संपवल्या, गळाभेट घेतली आणि खिशातून कागद काढला. खुलासा मान्य झाला. सहा एप्रिलपासून वर्ग सुरू करायला हरकत नाही. नऊ नवी नावं आली आहेत, त्यांत एक तेरखेड्याचा आहे, फटाके करणाऱ्या घरातला. कृष्णराज म्हणाला, हा तर आधीच आभाळाकडं बघून वाढलाय. मी कागद वाचला. कार्यालयानं आमचंच वाक्य उचलून लिहिलं आहे: विद्यार्थी गोंधळल्यामुळे. आता ते शिक्क्यानिशी आहे.

मी त्याला सांगितलं, मी दुसरा खुलासा देणार. त्यानं वाटीतला चमचा फिरवला. म्हणाला, वर्ग पुन्हा बंद होईल. मी म्हणालो, होईल. म्हणाला, तुझं शिकवणं कायमचं जाईल. मी म्हणालो, जायला हवं की नको हे मला ठरवता येत नाही, म्हणून दुसऱ्या कुणी ठरवावं. तो उठला. दारात चपला घालताना म्हणाला, “सणाच्या दिवशी तरी नको होतं, यार.” चिडला नव्हता. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

दुपारभर खुलासा लिहिला. सहा पानं झाली. कोन, दाब, दोरीची लांबी, वेढ्यानं किती सेंटिमीटर आखूड होते त्याची आकृती, पान अकराची प्रत, माझे दोन सेकंद, तेरा दिवस. एकही शब्द सैल नाही. पाहुणे गेल्यावर अनिसाला वाचायला दिला. तिनं ओढणीनं हात पुसून सगळा वाचला, आकृतीही बघितली. मग कागद जुळवून माझ्यासमोर ठेवले.

“अच्छा लिखे,” म्हणाली. “पैले कचेरी कू देते, या श्रीशैल कू?”

मी म्हणालो, कार्यालय उद्या उघडेल, रीतसर पोच घ्यावी लागते, आणि श्रीशैलला हे सगळं समजावून सांगायला निवांत वेळ हवा, थोडं पदार्थविज्ञान आधी...

ती उठली. शीरखुर्म्याचा एक डबा भरून, झाकण घट्ट लावून, तो त्या सहा पानांवर ठेवून आत गेली. डबा आमच्या घरच्यांसाठी नाही, एवढं मला कळलं.

सहा पानं पुन्हा चाळली. श्रीशैलनं जे विचारलं होतं त्याचं उत्तर त्यांत पाचव्या पानावर, तिसऱ्या परिच्छेदात आहे. एका ओळीचं आहे.

उद्या: अणदूरला जाऊन श्रीशैलला सांगणे, की मी शिकवलं तसंच त्यानं केलं.